बडोद्याचं सर्कल किती वाहतूक पेलेल? टेप, घड्याळ आणि वही घेऊन करायचा हिशेब

बडोद्यात दोन माणसं वाहतुकीवर बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला वाद सर्कलवर येतो. एक म्हणतो, सर्कल काढून टाका, सिग्नल लावा. दुसरा म्हणतो, आहे ते सर्कल मोठं करा. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात हा वाद मी लहानपणापासून ऐकतो आहे. पुढे वाहतूक अभियांत्रिकी शिकवायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की दोघांपैकी कुणाच्याच हातात आकडा नसतो. खरं तर आकडा काढणं अवघड नाही. आठ-दहा माणसं, एक तीस मीटरची टेप, मोबाइल आणि एका संध्याकाळचे दोन तास पुरतात. ते कसं करायचं, ते इथे सविस्तर लिहितो. विद्यार्थ्यांना उपयोग होईलच, पण सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या वतीने महापालिकेला अर्ज करणाऱ्यांनाही व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्कलला एकच क्षमता नसते

‘ह्या सर्कलची क्षमता ताशी इतकी’ असं वाक्य कुठे दिसलं तर सावध व्हा. सर्कल म्हणजे तीन-चार तुकड्यांची माळ. एका रस्त्याने वाहन आत येतं आणि पुढच्या रस्त्याचं तोंड येईपर्यंतचा जो पट्टा असतो, त्यात खरा खेळ चालतो. आत येणाऱ्याला उजवीकडे, सर्कलच्या मधल्या बेटाच्या दिशेने सरकायचं असतं. आधीपासून फिरत असलेल्याला बाहेर पडण्यासाठी डावीकडे यायचं असतं. दोघं एकमेकांच्या वाटेला छेद देतात. अभियंते ह्याला विव्हिंग म्हणतात. वर्गात मी गोफाचं उदाहरण देतो: दोऱ्या एकमेकींवरून जातात, पण नाचणारे थांबत नाहीत, म्हणून गोफ विणला जातो. एकजण जरी अडखळला तरी गाठ बसते.

चार रस्त्यांच्या सर्कलला असे चार पट्टे असतात आणि त्यांतला सर्वांत आधी भरणारा पट्टा संपूर्ण सर्कल बंद पाडतो. त्याची रांग मागे सरकत आधीच्या रस्त्याचं तोंड बुजवते, मग त्याच्या आधीचं, आणि शेवटी वाहनं आपलीच शेपटी पकडून उभी राहतात. म्हणून हिशेब पट्ट्यागणिक करायचा आणि निर्णय सर्वांत वाईट पट्ट्यावरून घ्यायचा. सरासरी काढायची नाही.

दिवस निवडणं

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. पाऊस, उत्तरायण, नवरात्र, गणपतीची मिरवणूक हे दिवस टाळा. नवरात्रात तर आपल्या शहराची गर्दीची वेळच मध्यरात्रीकडे सरकते. परीक्षा आणि सुट्ट्या बघा. मी एकदा एका कामासाठी मे महिन्यात मोजणी केली. युनिव्हर्सिटी बंद, शाळा बंद. आकडे इतके सुंदर आले की सर्कलला काही दुखणंच नाही असं वाटावं. जुलैत त्याच जागी उभा राहिलो आणि सगळा अहवाल पुन्हा लिहावा लागला. सयाजीबागेसारखं ठिकाण जवळ असेल तर रविवारची संध्याकाळ वेगळी मोजा, कारण तिथे वाहनांपेक्षा रस्ता ओलांडणारी कुटुंबं जास्त वाट अडवतात आणि तो प्रश्नच निराळा आहे.

दोन तास मोजा, पण नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या कप्प्यांत करा. का, ते पुढे कळेल.

मोजणी: कोण कुठे उभं राहील

लोक इथेच घाबरतात. चार रस्ते म्हटले की बारा दिशा झाल्या, प्रत्येक वाहन कुठून आलं आणि कुठे गेलं हे कसं टिपायचं? नंबर प्लेट लिहून घ्यायची पद्धत आहे, पण संध्याकाळच्या ॲक्टिवांच्या लोंढ्यात ती टिकत नाही. सुदैवाने आपल्याला प्रत्येक वाहनाचा प्रवास माहीत असायची गरज नाही. एका पट्ट्यासाठी चारच आकडे लागतात:

पहिला, त्या रस्त्यावरून आत येणारी सगळी वाहनं. दुसरा, पुढच्या रस्त्याने बाहेर पडणारी सगळी वाहनं. तिसरा, आत येऊन लगेच डावीकडच्या पुढच्याच रस्त्याने निघून जाणारी, म्हणजे डावं वळण घेणारी. चौथा, त्या रस्त्याच्या तोंडासमोरून आधीच फिरत जाणारी.

आता वजाबाकी करा. आत येणाऱ्यांतून डावी वळणं वजा केली की बेटाकडे सरकणारी वाहनं मिळतात. बाहेर पडणाऱ्यांतून डावी वळणं वजा केली की फिरत येऊन बाहेर पडणारी मिळतात. तोंडासमोरून गेलेल्यांतून ही शेवटची वजा केली की उरतात ती बेटाच्या कडेने सरळ फिरत पुढे जाणारी. चारही प्रवाह हाती आले.

शिवाय ह्या पद्धतीत पडताळा आपोआप होतो. एका तोंडासमोरून जाणारी वाहनं, अधिक तिथून आत आलेली, वजा पुढच्या रस्त्याने बाहेर गेलेली, म्हणजे पुढच्या तोंडासमोरून जाणारी. पूर्ण चक्कर मारून हा हिशेब जिथून सुरू केला तिथे परत यायला हवा. शे-दोनशेचा फरक पडला तर कुणीतरी मोजताना गप्पा मारल्या आहेत, हे निश्चित. मी फरक दोन टक्क्यांच्या वर गेला की ती पंधरा मिनिटं बाद करतो.

प्रत्येक रस्त्याला दोन माणसं लागतात: एक आत येणाऱ्यांना आणि डाव्या वळणांना, दुसरा बाहेर पडणाऱ्यांना. समोरून फिरणारी वाहनं एकाच तोंडाशी एकाने मोजली तरी बाकीची वरच्या हिशेबाने निघतात. जवळच्या इमारतीच्या गच्चीवर परवानगी मिळाली तर मोबाइलवर चित्रण करा आणि घरी बसून हळू गतीने मोजा. मग तीन माणसांतही भागतं.

सगळी वाहनं एका मापात

वहीत दुचाकी, रिक्षा-कार, बस-ट्रक आणि सायकल असे वेगळे रकाने ठेवा. मग त्यांचं ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये, म्हणजे पीसीयूमध्ये रूपांतर करायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:६५-१९७६ ह्या रोटरीसंबंधीच्या (रोटरी म्हणजे आपलं सर्कलच) संहितेत दिलेले गुणक असे: कार, रिक्षा आणि हलकी मालवाहू वाहनं १, बस आणि मध्यम-जड ट्रक २.८, मोटारसायकल-स्कूटर ०.७५, सायकल ०.५, बैलगाडीसारखी जनावरांनी ओढायची वाहनं ४ ते ६.

आजच्या दुचाकीला ०.७५ जास्त वाटतं, हे मान्य. दोन कारच्या मधून तीन स्कूटर निघून जाताना आपण रोज बघतो. तरीही मी बजावून सांगतो: ज्या संहितेचं सूत्र, त्याच संहितेचे गुणक. सूत्र एकीकडचं आणि गुणक दुसरीकडचे घेतले की उत्तर हवं तसं वाकवता येतं, आणि बैठकीत नेमकं तेच होतं.

एक उदाहरण पुढे शेवटपर्यंत चालवू. आकडे कुठल्या खऱ्या सर्कलचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. दक्षिणेकडच्या रस्त्याने तासाभरात आत आली ४८० दुचाकी, ३१० रिक्षा-कार, २० बस-ट्रक आणि ४८ सायकली. म्हणजे ३६० + ३१० + ५६ + २४ = ७५० पीसीयू. वाहनं ८५८, पीसीयू ७५०.

अशाच रीतीने पश्चिमेकडून ६२०, उत्तरेकडून ८३० आणि पूर्वेकडून ६९० पीसीयू आत आले असं धरा. एकूण २,८९०. ह्याच संहितेत रोटरीसाठी सगळ्या रस्त्यांची मिळून ताशी सुमारे ३,००० वाहनं ही वरची मर्यादा आणि ५०० ही खालची मर्यादा सांगितली आहे. पीसीयूत आपण काठावर, वाहनांच्या संख्येत तर थोडे पलीकडेच. पण ही मर्यादा ढोबळ आहे. तिच्यावर निकाल देऊन मोकळं होऊ नका.

आता दक्षिण ते पश्चिम हा पट्टा घेऊ. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून वाहनं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात आणि दक्षिणेच्या तोंडानंतर पश्चिमेचा रस्ता येतो. आत आले ७५०. पश्चिमेला बाहेर पडले ७८०. डावी वळणं १८०. दक्षिणेच्या तोंडासमोरून फिरत गेले ७७०. तर बेटाकडे सरकणारे ५७०, फिरत येऊन बाहेर पडणारे ६००, बेटाच्या कडेने पुढे जाणारे १७०. पट्ट्यातली एकूण वाहतूक ७५० + ७७० = १,५२० पीसीयू. त्यातले एकमेकांना छेद देणारे ५७० + ६०० = १,१७०. छेद देणाऱ्यांचं प्रमाण १,१७० भागिले १,५२०, म्हणजे ०.७७. हा आकडा जपून ठेवा.

पडताळा: १,५२० मधून पश्चिमेला गेलेले ७८० वजा, ७४० उरले. पश्चिमेच्या तोंडासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या वहीतही ७४०च्या आसपास आकडा असायला हवा.

टेप घेऊन रस्त्यावर

चार मापं घ्यायची, आणि ती दोनदा: एकदा पहाटे सहाला, एकदा गर्दीच्या वेळी. पहाटेची मापं रस्त्याची, संध्याकाळची मापं वापराची.

प्रवेशाची रुंदी: रस्ता सर्कलला मिळतो तिथे, दुभाजकापासून डाव्या कडेपर्यंत. फिरत्या रस्त्याची रुंदी: त्याच तोंडासमोर, बेटाच्या कडेपर्यंत, जिथे विव्हिंग होत नाही. ह्या दोन्हींची सरासरी म्हणजे ‘प्र’. विव्हिंग पट्ट्याची रुंदी ‘रुं’: दोन रस्त्यांच्या मध्ये, बेटाच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. पट्ट्याची लांबी ‘लां’: एका रस्त्याच्या दुभाजक बेटाच्या टोकापासून पुढच्या रस्त्याच्या दुभाजक बेटाच्या टोकापर्यंत. लांबी टेपने मोजायला जाऊन जीव धोक्यात घालू नका. उपग्रह नकाशावरचं अंतर मोजायचं साधन त्यासाठी पुरेसं आहे.

संहितेप्रमाणे रुंदी प्रवेशाच्या सरासरीपेक्षा एक लेन, म्हणजे ३.५ मीटर जास्त असावी, आणि लांबी रुंदीच्या किमान चौपट असावी. शहरात ताशी ३० किलोमीटर वेगासाठी किमान ३० मीटर. जुन्या शहरातल्या फार थोड्या सर्कलना चौपटीचा नियम पाळता येतो. आपल्या उदाहरणातही तो पाळलेला नाही: प्र ६ मीटर, रुं ९.५ मीटर, लां ३० मीटर.

सूत्र

क्षमता = २८० × (रुं + प्र) × (१ − वि/३) ÷ (१ + रुं/लां)

‘वि’ म्हणजे मघाचं ०.७७. पुस्तकांत हे सूत्र जरा वेगळ्या रूपात दिसेल, रुंदी बाहेर काढून आणि कंसात प्रवेशाचं रुंदीशी प्रमाण ठेवून. गुणाकार केला की हेच येतं. मला हे रूप आवडतं, कारण ह्यात काय महत्त्वाचं आहे ते उघड दिसतं.

सूत्राचं मूळ ब्रिटिश संशोधक वॉर्ड्रॉप ह्यांच्या १९५०च्या दशकातल्या कामात आहे. मीटरमध्ये त्यांचा गुणक ३५४ येतो. त्याचे ८० टक्के म्हणजे जवळपास २८०. म्हणून हे उत्तर ‘व्यवहार्य’ क्षमतेचं आहे, वीस टक्के उसंत आधीच सोडलेली. ती उसंत कुणी आपल्या फायद्यासाठी परत मिळवू बघेल तर तसं होऊ देऊ नका. ती ठेवली होती शिस्तीने चालणाऱ्या कारसाठी. आपल्याकडे रिक्षा, म्हैस, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणारा माणूस आहे.

सूत्र वापरण्याच्या मर्यादाही आहेत: रुंदी ६ ते १८ मीटर, लांबी १८ ते ९० मीटर, प्रवेशाचं रुंदीशी प्रमाण ०.४ ते १, रुंदीचं लांबीशी प्रमाण ०.१२ ते ०.४, आणि वि ०.४ ते १. ह्याबाहेर गेलात तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. एखाद्या पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीच्या वस्तीत, चौकाच्या मध्ये ड्रम ठेवून केलेल्या ‘सर्कल’ला हे सूत्र लावलेलं मी पाहिलं आहे.

आकडे घाला. २८० गुणिले १५.५ म्हणजे ४,३४०. १ वजा ०.७७ भागिले ३ म्हणजे ०.७४३. खाली १ अधिक ९.५ भागिले ३०, म्हणजे १.३१७. उत्तर सुमारे २,४५० पीसीयू. पट्ट्यात आहेत १,५२०. म्हणजे ६२ टक्के. कागदावर सर्कल आरामात आहे.

पुढे जाण्याआधी सूत्राकडे पुन्हा एकदा बघा. वरच्या ओळीत रुंदी आणि प्रवेश यांची नुसती बेरीज आहे, पण रुंदी भागाकारातही बसली आहे. त्यामुळे विव्हिंगचा पट्टा ९.५ वरून १२ मीटर केला, अडीच मीटर जमीन घेतली, तर क्षमता साधारण नऊ टक्के वाढते. त्याऐवजी प्रवेशाची सरासरी फक्त दीड मीटरने वाढवली, ६ वरून ७.५, तर वाढ जवळपास दहा टक्के. बेट कापून सर्कल ‘रुंद’ करायची मागणी सगळीकडे होते. रस्त्याचं तोंड मोकळं करा, असं फारसं कुणी म्हणत नाही. बेट कापल्याने लांबीही कमी होते, ते वेगळंच.

संध्याकाळी तेच सर्कल

आता संध्याकाळची मापं काढा. उदाहरणात असं धरू: डाव्या कडेला प्रवाशांची वाट बघत रिक्षा उभ्या, त्यांच्या पुढे दाबेलीची लारी, म्हणजे हातगाडी, लारीभोवती स्कूटर लावून खाणारे. पट्ट्याची वापरात असलेली रुंदी ९.५ वरून ७ मीटर झाली. पुढच्या रस्त्याच्या तोंडाशी बस थांबते, तिला वळसा घालण्यासाठी वाहनं आधीच बाहेर सरकतात, म्हणून लांबी ३० वरून २२. प्रवेशाची सरासरी ६ वरून ५.

२८० गुणिले १२ म्हणजे ३,३६०, गुणिले ०.७४३, भागिले १.३१८. उत्तर सुमारे १,८९५. तीच १,५२० वाहतूक आता ८० टक्क्यांवर गेली.

इथे पंधरा मिनिटांचे कप्पे कामाला येतात. तासाची वाहतूक तासभर सारखी येत नाही. कार्यालयं सुटतात, ट्यूशनची बॅच सुटते, आणि एका पंधरा मिनिटांत ४४७ पीसीयू आले असं समजा. चारने गुणा: ताशी १,७८८चा ओघ. १,५२० भागिले १,७८८ म्हणजे ०.८५, ह्याला पीक अवर फॅक्टर म्हणतात. आता १,७८८ भागिले १,८९५: ९४ टक्के. एखादी रिक्षा मध्येच प्रवासी उतरवायला थांबली की हे सर्कल गाठ मारून बसणार, आणि ती गाठ सुटायला पंधरा नाही, चाळीस मिनिटं लागणार.

तेच १,७८८ मोकळ्या सर्कलच्या २,४५०शी ताडून पाहा: ७३ टक्के. कागदावरचं आणि संध्याकाळचं सर्कल यांत ५५५ पीसीयूचा फरक आहे. तो ना डांबराने भरून निघतो, ना पुलाने. रिक्षांना पन्नास मीटर पुढे रीतसर स्टँड देऊन, बसथांबा तोंडापासून सरकवून, लारीवाल्याला पक्की जागा देऊन भरून निघतो. लारीवाल्याला हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. त्याचं पोट त्या गर्दीवर आहे. त्याची जागा नकाशात असली पाहिजे, एवढंच.

उरलेल्या तिन्ही पट्ट्यांचा हिशेब असाच करा. आपल्या उदाहरणात त्यांत १,३६०, १,४८० आणि १,५०० पीसीयू येतात. शेवटचा पट्टा पहिल्याच्या फार मागे नाही, हे ध्यानात ठेवा: एक दुरुस्त केला की अडचण तिकडे सरकेल.

दुसरी बाजू: आत शिरायला फट मिळते का?

वॉर्ड्रॉप यांचं सूत्र ज्या काळातलं आहे, तेव्हा सर्कलमध्ये कुणी कुणाला वाट द्यायची हे ठरलेलं नव्हतं. ब्रिटनने १९६६ साली उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आत फिरत असलेल्याला अग्रक्रम द्यायचा नियम केला आणि सर्कल गाठ मारून बसण्याचं प्रमाण घटलं. त्यानंतर क्षमतेचा प्रश्नच बदलला: पट्टा किती विणू शकतो, ह्याऐवजी बाहेर थांबलेल्याला किती वेळा आत शिरता येतं. आपल्याकडेही मोटार वाहन चालवण्याच्या २०१७च्या विनियमांनुसार सर्कलमध्ये आधीच असलेल्या वाहनाचा हक्क पहिला आहे. हा नियम किती चालकांना ठाऊक आहे, ते रोज दिसतंच. २०१७मध्येच आयआरसी:६५ची सुधारित आवृत्ती आली, आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेलं इंडो-एचसीएम हे पुस्तकही प्रत्येक प्रवेशाची क्षमता स्वतंत्रपणे काढायला सांगतं.

ह्या पद्धतीला दोन वेळा लागतात. रांगेतलं एक वाहन आत गेल्यावर त्याच फटीत मागचं वाहन किती सेकंदांनी शिरतं, तो अनुगमन काळ. आणि किती सेकंदांची फट मिळाली की साधारण चालक शिरतो, तो क्रांतिक अवकाश. मग:

क्षमता = अ × ई^(−ब × फिरती वाहतूक)

अ म्हणजे ३,६०० भागिले अनुगमन काळ. ब म्हणजे क्रांतिक अवकाशातून अनुगमन काळाचा निम्मा भाग वजा करून, त्याला ३,६००ने भागून येणारा आकडा. ई म्हणजे २.७१८, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की त्याचं बटण सापडतं.

अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या सहाव्या आवृत्तीत एका लेनच्या सर्कलसाठी अ १,३८० आणि ब ०.००१०२ आहे. आपल्या दक्षिण प्रवेशाला ते लावून पाहा: समोरून ७७० फिरत असताना क्षमता येते ६२९. आपले तर ७५० आत जात आहेत! म्हणजे रोज संध्याकाळी आपण अशक्य गोष्ट करतो का? नाही. आपल्या सहा मीटरच्या तोंडातून दोन-तीन वाहनं शेजारी-शेजारी शिरतात आणि दुचाकीला अमेरिकी कारइतकी फट लागत नाही. तिथले आकडे उचलून इथे लावायचे नाहीत, हे सिद्ध करायला एवढा एक गुणाकार पुरतो.

मग आपले आकडे कसे काढायचे? चित्रणावरून. एका तोंडासाठी, प्रत्येक थांबलेल्या वाहनाने नाकारलेल्या आणि स्वीकारलेल्या फटी सेकंदाच्या दशांशापर्यंत लिहा. मग असा कालावधी शोधा की त्याहून लहान असून स्वीकारलेल्या फटी जितक्या, तितक्याच त्याहून मोठ्या असून नाकारलेल्या. तोच क्रांतिक अवकाश. ही राफची पद्धत. आपल्याकडची अडचण अशी की कित्येक चालक फटीची वाट बघतच नाहीत, नाक घालून फट तयार करतात. अशा घटना वेगळ्या खुणेने लिहा आणि ह्या हिशेबातून वगळा, पण त्यांची संख्या अहवालात ठेवा. सर्कल क्षमतेजवळ पोचल्याची ती सर्वांत आधी दिसणारी खूण आहे.

समजा आपल्या चित्रणातून अख्ख्या तोंडासाठी अनुगमन काळ १.८ सेकंद आणि क्रांतिक अवकाश ३ सेकंद निघाला. अ २,०००, ब ०.०००५८३. दक्षिण प्रवेशाची क्षमता सुमारे १,२७६. वापर ५९ टक्के. उत्तरेला समोरून ६५० फिरतात, क्षमता सुमारे १,३६९, आत येतात ८३०; वापर ६१ टक्के. म्हणजे विव्हिंगच्या हिशेबात सर्वांत जड दक्षिण-पश्चिम पट्टा, तर प्रवेशाच्या हिशेबात उत्तरेचं तोंड. दोन्ही उत्तरं खरी आहेत, ती दोन वेगळ्या दुखण्यांची आहेत. हे टक्केही पंधरा मिनिटांच्या ओघावर न्यायला विसरू नका.

वेळ कमी असेल तर हे एकच करा

सगळ्यांत जास्त विश्वास मी ज्या पद्धतीवर ठेवतो, तिला सूत्र लागत नाही. एखाद्या तोंडाशी रांग लागलेली असते, तेव्हा आत शिरणारी वाहनं म्हणजेच त्या क्षणाची क्षमता, कारण मागे कुणीतरी वाट बघतच आहे. फक्त तीच मिनिटं मोजा ज्यांत पूर्ण मिनिटभर किमान चार-पाच वाहनं रांगेत होती. प्रत्येक मिनिटाला दोन आकडे: किती पीसीयू समोरून फिरत गेले, किती आत शिरले. तीस-चाळीस मिनिटं मिळाली की आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा, फिरते आडव्या अक्षावर, शिरणारे उभ्या. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत जातील. त्यांच्या मधून रेष काढा आणि दोन्ही अक्ष साठने गुणा. झाली तुमच्या सर्कलची, तुमच्या चालकांची, तुमच्या रिक्षांसकटची क्षमता. ब्रिटनमध्ये किंबर यांनी १९८० साली मांडलेली पद्धतही मुळात अशाच सरळ रेषेवर उभी आहे. तिच्या जोडीला त्यांनी प्रवेशाची रुंदी, कोन आणि त्रिज्या ह्यांचे परिणाम मोजले.

ठिपके फार विखुरले तर ते पीसीयूत मांडले आहेत का, ते आधी तपासा. मग बघा की पुढच्या रस्त्यावरची रांग मागे येऊन ह्या तोंडाला अडवत होती का. तसं असेल तर ती मिनिटं ह्या तोंडाची नव्हेत, पुढच्याची आहेत, काढून टाका. दोष पुढच्या चार रस्त्याच्या सिग्नलचा असतो आणि शिव्या सर्कल खातं, असं कितीदा तरी घडतं.

अर्जासोबत काय द्यायचं

एकच पान. वर तारीख, वार, वेळ आणि हवामान. मध्ये सर्कलचं हाताने काढलेलं रेखाचित्र, त्यावर प्रत्येक पट्ट्याची पहाटेची आणि संध्याकाळची मापं शेजारी-शेजारी. खाली पट्ट्यागणिक तीन आकडे: सर्वांत गर्दीच्या पंधरा मिनिटांचा ओघ, मोकळ्या सर्कलची क्षमता, संध्याकाळची क्षमता. मोजणीची वही मागे जोडा. कुठल्या संहितेचे गुणक घेतले, ते एका ओळीत लिहा.

मोकळ्या सर्कलमध्येही ओघ क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर जात असेल, तर सिग्नलची मागणी करायला माझी हरकत नाही. मात्र त्याआधी उजवी वळणं मोजा. ती एकूण वाहतुकीच्या ३० टक्क्यांहून जास्त असतील तर सिग्नलवर त्यांना वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि अशा ठिकाणी सर्कल उजवं ठरतं, असं आयआरसीचंही म्हणणं आहे. आपल्या उदाहरणात ती ६७०, म्हणजे २३ टक्के आहेत.

काळा घोडा सर्कलमध्ये सयाजीराव महाराजांचा पुतळा १९०७ सालापासून आहे. त्याच्याभोवती कधी टांगे फिरले, मग सायकली, आता ॲक्टिवा. पुतळा असलेलं बेट कापता येत नाही, हलवता येत नाही. अशा जागी तर कडेची वापरात नसलेली रुंदी शोधणं हाच पहिला उपाय उरतो. रिक्षा स्टँड किंवा बसथांबा सरकवून घेण्यात यश आलं, तर महिन्याभराने त्याच वारी, त्याच वेळी, त्याच माणसांना त्याच जागी उभं करून पुन्हा मोजा, आणि दुसरं पान पहिल्याला टाचून त्याच टेबलावर द्या.